परशराम शिफू

परशराम आप्पा मोबाईलमधल्या बाईंना घाबरायचे. बाई चीनमध्ये, आप्पा बेळगावात आणि मध्ये व्हिडिओ, तोही कधीतरी काढून ठेवलेला. तरी तो सुरू करण्याआधी आप्पा डोक्यावरची टोपी सारखी करायचे, हाताचं ग्रीस चिंधीला पुसायचे आणि ताठ बसायचे. बाई भराभर बोलून पुढं गेल्या की म्हणायचे, “बाई, जरा सावकाश.” बाई थांबायच्या नाहीत. मग आप्पा आमच्याकडं वळून समजुतीनं म्हणायचे, “वर्ग मोठा असंल त्यांचा.”

मी तेव्हा उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका मशीनशॉपच्या ऑफिसात होते. निपाणीजवळच्या खेड्यातली मी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. बी.कॉम., तेही पहिल्या वर्गात, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. पहिल्या दिवशी आप्पांनी नाव विचारलं. मी नाव सांगितलं आणि त्याला जोडून शिक्षणही सांगितलं. त्यानंतर त्यांनी माझं नाव कधी वापरलंच नाही. “काय गं बीकॉम, जेवलीस काय?” एवढ्यावर आमची ओळख पुढं चालली.

आप्पा बेळगावजवळच्या उचगावचे. गावात भाताचं थोडं रान, गोठ्यात एक म्हैस, आणि इथं तीस वर्षं एकच लेथ. चालत्या लेथवर तळहात ठेवून ते म्हणायचे, “मागचं बेअरिंग रडायलंय.” उघडून बघितलं की बेअरिंग खरंच गेलेलं असायचं. मापात त्यांची चूक काढलेला माणूस मी पाहिला नाही. फक्त इंग्रजीशी त्यांचं वाकडं होतं. दहावीत त्या विषयानं त्यांना तीन वेळा पाडलं होतं. “चौथ्यांदा मीच त्याला सोडला,” असं ते सांगत. ड्रॉइंगवरचे आकडे आणि रेघा त्यांना झोपेतही कळत, पण शेजारी इंग्रजी टीप लिहिलेली दिसली की ते कागद माझ्यापुढं सरकवत आणि चष्मा आणला नाही म्हणत. चष्मा नाकावरच असायचा.

मग चीनमधून नवीन मशीन आलं. कॉम्प्युटरवर चालणारं, पांढरं, लांबलचक, दवाखान्यातून आणल्यासारखं स्वच्छ. स्क्रीन सुरू केली तर सगळी अक्षरं चिनी. सोबतचं जाडजूड पुस्तकही चिनी. मोबाईलनं फोटो काढून भाषांतर करावं म्हटलं तर पुस्तकाचं निघालेलं भाषांतर कुणाला कळेना, आणि स्क्रीनच्या फोटोत नुसत्या आडव्या पट्ट्या येत. मशीन सुरू करून द्यायला तिकडचा इंजिनियर येणार होता, पण त्याचा व्हिसा अडकला. त्याला यायला तीन महिने लागणार असं कळलं.

मालकांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. “लिऊ म्हणून माणूस आहे. आठ दिवस शिकवेल आणि जाताना कागदावर एका ऑपरेटरचं नाव लिहून सही करेल. मशीन त्याच ऑपरेटरनं चालवायचं, नाहीतर गॅरंटी राहत नाही.”

नाव कुणाचं हे तसं ठरल्यातच जमा होतं. मालकांचा भाचा सागर डिप्लोमा झालेला होता, इंग्रजी फाडफाड बोलायचा. नवं मशीन सुरू झालं की आप्पांचा लेथ विकायचा होता. मालक आप्पांना म्हणाले, “आप्पा, तुम्ही आता स्टोअरला बसा. लई वर्षं उभं राहिलासा.” ते चांगल्या मनानंच म्हणाले. स्टोअर म्हणजे कोपऱ्यातली लोखंडी जाळीची खोली, आत एक स्टूल आणि खोक्यांतले नटबोल्ट.

आप्पांनी जाळीकडं बघितलं, मग मशीनकडं बघितलं. म्हणाले, “मालक, हे मशीन चिनी बोलतंय न्हवं? मग चिनी ज्याला येतंय त्याचंच नाव लिवील की त्यो.”

“येतंय कुणाला?”

“तीन म्हैनं हाईत की अजून.”

मालक हसले. बाकीचेही हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी माझ्या टेबलावर मोबाईल आणून ठेवला आणि म्हणाले, “बीकॉम, ह्यात चिनी शाळा कुठं हाय ती काढून दे.”

हिंदीतून चिनी शिकवणाऱ्या त्या बाई मी अशा शोधून दिल्या. दुपारचे डबे संपले की जुन्या लेथवर मोबाईल उभा करून वर्ग भरू लागला. एकट्यानं शिकायला आप्पा तयार नव्हते. “शिकून बोलायचं कुणासंगट? लेथसंगट?” म्हणून मी, सागर आणि आणखी चार कामगार असे सहा विद्यार्थी पकडून आणलेले. सागर लांब उभा राहून हात बांधून बघायचा. म्हणायचा, “लिऊ इंग्रजीत बोलेल की, आप्पा.” आप्पा म्हणायचे, “बोलू दे. तू त्याच्याकडं बोल. मी मशीनकडं बोलतो.”

चिनीत एकच शब्द चार सुरांत म्हणता येतो आणि त्याचे चार वेगळे अर्थ होतात, हे बाईंनी सांगितलं त्या दिवशी दोघं जण उठूनच चालले होते. आप्पांनी त्यांना दंडाला धरून बसवलं.

“अरं, आपल्यात ‘व्हय’ चार परकारचं न्हाय काय? फोनवर बायको बोलत्या आणि आपण निस्तं ऐकतोय, तवा सरळ जाणारं, व्हऽऽय. कुणी नवी बातमी सांगितली की वर चढणारं, व्हय? सासूबाई आठ दिवस राहायला येणार म्हटल्यावर खाली जाऊन कसंतरी वर येणारं. आणि मालकानं काम झालं काय इचारल्यावर तुकडा पाडल्यागत, व्हय. म्हणा सगळी.”

आम्ही म्हणू लागलो. त्याच वेळी विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसानं दारातून कन्नडमध्ये विचारलं, मालक आहेत का. सहा जणांनी त्याला चार सुरांत ‘व्हय’ म्हटलं. तो मीटर न बघताच गेला.

आप्पा जे शिकत ते लगेच पाळत. चिनी लोक गार पाणी पीत नाहीत, गरमच पितात, हे कळल्यावर त्यांनी थर्मास आणला. एप्रिलच्या उन्हात, पत्र्याच्या शेडखाली, घामानं निथळत ते वाफाळतं पाणी फुंकून प्यायचे आणि “पोटाला लई हलकं वाटतंय” म्हणायचे. तिकडं भेटल्यावर “जेवलास काय?” असं विचारायची जुनी पद्धत आहे, हा पाठ आला त्या दिवशी तर त्यांना कुणीतरी दूरचा भाऊ सापडल्यासारखं झालं. “छ ल मा म्हणजे जेवलास काय. आमच्या उचगावात दुसरं काय इचारतात? उगंच लांबचा देश म्हणतात.” त्यानंतर चीन त्यांच्या लेखी शेजारच्या खानापूरच्या थोडं पलीकडं आलं.

तिकडं एका हातावर दहापर्यंत मोजतात. सहाला अंगठा आणि करंगळी ताणायची, मधली तिन्ही बोटं मिटायची. मशीनच्या आवाजात ओरडून सांगण्यापेक्षा हे बरं म्हणून आप्पांनी सगळ्या शॉपला ते शिकवलं. मग एकदा सकाळी अकरा वाजता त्यांनी दारात उभं राहून समोरच्या चहावाल्याला सहा चहाची खूण केली. आता आमच्या भागात अंगठा आणि करंगळी ताणून हात वर केला की त्याचा अर्थ एकच होतो, आणि तो संध्याकाळचा असतो. चहावाल्यानं मान हलवून नाही म्हटलं. आप्पांनी पुन्हा, जरा जोरानं, तीच खूण केली. चहावाला रस्ता ओलांडून सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेला आणि हळू आवाजात म्हणाला, “आप्पांना घरात काय तरास हाय काय?”

अक्षरं मात्र त्यांनी मन लावून गिरवली. वही त्यांना चालायची नाही. मार्किंगचा खडू घेऊन ते लोखंडी प्लेटांवर लिहायचे. अक्षर म्हणजे त्यांच्या दृष्टीनं एक ड्रॉइंगच. कुठली रेघ आधी, कुठली नंतर, कुठं किती अंतर. “ही बघ, दाराची चौकट. म्हणजे दार. आणि हे तेल. डावीकडं तीन थेंब, उजवीकडं कप्प्याची खिडकी, वर दांडी बाहीर आलेली. इंग्रजीत असं काय दिसतंय काय? ओ आय एल. तेलाचा थेंब तरी हाय काय त्यात?” मी बी.कॉम. आहे, पण ओ आय एलमध्ये थेंब नाही हे खरंच आहे.

एके दिवशी कोल्हापूरच्या गिऱ्हाईकाचा फोन आला. “मॅडम, माल तुम्ही बेळगावात करताय का चीनमधून आणून आमच्या गळ्यात मारताय?” मी म्हटलं, इथंच करतो. ते म्हणाले, “मग प्लेटवर चिनी लिहिलेलं कसं?” त्यांनी फोटो पाठवला. प्लेटवर दहा वेळा ‘दार’ लिहिलेलं होतं. आप्पांचा गृहपाठ पॅक होऊन गेला होता. गिऱ्हाईकाची समजूत घालायला मला अर्धा तास लागला. नंतर मी तो फोटो आप्पांपुढं धरला. त्यांनी चष्मा वर करून नीट बघितलं आणि म्हणाले, “सातवं जरा तिरकं आलंय.”

तीन महिन्यांनी लिऊ आला. चाळिशीचा, बारीक, शांत माणूस. पाठीला सॅक, हातात थर्मास. थर्मास बघून आप्पांनी आमच्याकडं असं बघितलं, की मी काय सांगत होतो. मग पुढं होऊन, टोपी काढून, त्यांनी चिनीत विचारलं, जेवलास काय. लिऊ आधी दचकला, मग त्याचा सगळा चेहरा हसला. त्यानं भराभर काहीतरी सांगितलं. आप्पा म्हणाले, “जरा सावकाश.” आणि ह्या वेळी समोरचा माणूस खरंच थांबला, सावकाश बोलला. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. ग्रीस गेलं म्हणाले.

सागरनं इंग्रजी सुरू केलं. लिऊला इंग्रजी बेताचंच येत होतं. तो हसायचा, मान हलवायचा आणि मोबाईलवर भाषांतर काढायचा. आप्पांचं चिनीही बेताचंच. पण दोघं मशीनपुढं उभे राहिले की बोलायला फार काही लागायचं नाही. लिऊ बटण दाबी, आप्पा अक्षर ओळखत, हातानं खूण करत, पुढचं बटण विचारत. तिसऱ्या दिवशी लिऊनं आप्पांचा तळहात मशीनवर टेकलेला बघितला. तोही शेजारी हात टेकून उभा राहिला. मग आप्पांना म्हणाला, “पा शिफू.” पा म्हणजे परशराम, एवढं कळलं.

शिफू म्हणजे काय ते बाईंच्या पाठात नव्हतं. लिऊनं मोबाईलवर काढून दाखवलं. हातात कसब असलेल्या कामगाराला तिकडं मानानं शिफू म्हणतात. फिटर असो, सुतार असो, गाडी चालवणारा असो. आप्पांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

“म्हंजे सरांसारखं?”

“सरांसारखं नाही आप्पा. उस्ताद म्हणतो तसं.”

“फिटरला पण?”

“फिटरलाच.”

दुपारी डबा त्यांनी ताठ बसून खाल्ला.

कागदावर कुणाचं नाव लिहिणार ह्याचा लिऊ काही पत्ता लागू देत नव्हता. सागर हुशार होता, प्रोग्राम झटकन बनवायचा. मालक त्याच्या बाजूनं होते आणि लपवतही नव्हते. शेवटची परीक्षा सोमवारी होती. पुण्याच्या गिऱ्हाईकाचा माणूस समोर असताना पहिला खरा माल काढून दाखवायचा. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, आप्पांनी लिऊला उचगावला घरी जेवायला बोलावलं. सोबत मालक, सागर आणि मी.

आप्पांच्या बायकोला आम्ही रेणुका आक्का म्हणायचो. आक्कांनी मटण, भाकरी, भात, वडे, दोन भाज्या आणि बेळगावचा कुंदा असा घाट घातला होता. आम्ही ओळीनं पाटावर बसलो. आप्पांनी खिशातून फडकं काढलं आणि ते उलगडून चार चकचकीत सळ्या ताटांशेजारी मांडल्या. जेवायच्या काड्या. स्वतः लेथवर काढलेल्या, स्टेनलेस स्टीलच्या, धरायच्या जागी बारीक खरखरीत नक्षी पाडलेली. हात घसरू नये म्हणून. एक जोडी लिऊला, एक स्वतःला. मी एक काडी उचलून बघितली. तिनं खिळा ठोकता आला असता.

लिऊनं त्या दोन्ही हातांनी घेतल्या, कपाळाला लावायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या, आणि बाजूला ठेवून दिल्या. मग हात धुऊन, इकडची पद्धत म्हणून, उजव्या हातानं भाकरी मोडून खायला लागला. आणि शेजारी परशराम आप्पा स्टीलच्या सळ्यांनी भाकरी रश्शात बुडवायला लागले.

आक्का दारातून म्हणाल्या, “अवो, त्यो बघा कसा माणसागत जेवतोय. तुमी काय सुया घिऊन बसलासा?”

“गप. पद्धत हाय ती.”

“कुणाची?”

“त्याची.”

“मग त्यो का पाळंना?”

तोवर आप्पांचा एक वडा सळीवरून सुटून मालकांच्या ताटात गेला होता.

खरी गंमत पुढं झाली. बाईंनी एका पाठात सांगितलं होतं की चीनमध्ये ताट अगदी साफ केलं तर घरच्यांना वाटतं वाढायला कमी पडलं, म्हणून जेवताना थोडं ठेवावं. लिऊनंही इकडं येण्याआधी वाचलं होतं की भारतात ताटात काही टाकत नाहीत, टाकलं तर घरच्यांचा अपमान होतो. त्यामुळं आप्पा प्रत्येक पदार्थ थोडाथोडा शिल्लक ठेवत होते आणि लिऊ ताट लख्ख करत होता.

आता उचगावात रिकामं ताट दिसल्यावर कुठली बाई वाढायची थांबेल? आक्कांनी वाढलं. लिऊनं संपवलं. आक्कांनी पुन्हा वाढलं. लिऊनं घाम पुसला आणि पुन्हा संपवलं. सागरनं मधेच इंग्रजीत त्याला सांगितलं की नको असेल तर राहू दे, पण तो हसून मान हलवून खातच राहिला. आप्पा मोठ्या अभिमानानं त्याला चिनीत म्हणत होते, अजून घे, अजून घे. ते वाक्य त्यांना छान जमायचं. लिऊ छातीला हात लावून काहीतरी म्हणाला, “छ पाव ल.” आक्कांनी विचारलं, “काय म्हणतोय?” आप्पांना ते शब्द माहीत नव्हते, पण यजमानानं अडून कसं चालेल? म्हणाले, “लई चांगलं झालंय म्हणतोय.” आक्कांनी आनंदानं आणखी दोन पळ्या रस्सा घातला. लिऊनं आणखी दोन वेळा तेच सांगितलं. दोन्ही वेळा आक्का भांडं घेऊन आल्या.

शेवटी त्या नवऱ्याच्या ताटाकडं वळल्या. अर्धा वडा, भाताचा ढीग, भाकरीचा तुकडा. “तीस वर्सांत कवा टाकलं न्हाईसा. आज लोकांम्होरं माझं जेवाण टाकायचं सुचलं व्हय?” आप्पा चिनी पद्धत समजावून सांगायला लागले. आक्का म्हणाल्या, “मग रातीला चीनमधीच जेवा.”

सोमवारी सकाळी आप्पा माझ्या टेबलाशी आले. चेहरा उतरलेला. “बीकॉम, काल रातच्याला पुढचा पाठ बघितला गं. छ पाव ल म्हंजे पोट भरलं. त्यो तीनदा पोट भरलं म्हणत हुता आणि आमी तीनदा वाढलं.”

तेवढ्यात मालकांना लॉजवरून निरोप आला की लिऊचं पोट बिघडलंय, उठता येत नाही. पुण्याचा माणूस तर दारात येऊन उभा होता. परीक्षा घेणारा नाही, आणि त्याला झोपवलेलं कुणी, तर आप्पांनी. मालकांनी त्यांच्याकडं न बघता सागरला सांगितलं, “तू सुरू कर.”

सागरनं सुरू केलं. दोन नग निघाले, पुण्याच्या माणसानं मोजून मान डोलावली. तिसऱ्याला मशीन थांबलं. स्क्रीनवर लाल पट्टी आली आणि तिच्यात सहा चिनी अक्षरं. सागरनं बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा लाल. त्यानं मागचं दार उघडून वायरी बघितल्या, लिऊला फोन लावला. फोन कुणी उचलला नाही. पुण्याचा माणूस घड्याळ बघायला लागला. मालक म्हणाले, “इलेक्ट्रिशियनला बोलवा.”

आप्पा लांब जाळीपाशी उभे होते. सकाळपासून त्यांनी पुढं यायचं धाडस केलं नव्हतं. तिथूनच त्यांनी मान पुढं केली, चष्मा वर केला, आणि हळूहळू चालत स्क्रीनपर्यंत आले. एका अक्षरावर त्यांनी बोट ठेवलं.

“तीन थेंब. खिडकी. वर दांडी.”

“काय आप्पा?” मालक वैतागले.

“तेल मागतंय मालक. बिचारं कवापास्नं तेल मागतंय आणि तुमी त्याच्या वायरी बघायलाय.”

मागच्या टाकीत तेल खरंच तळाला गेलं होतं. आप्पांनी कॅन आणून ओतलं, स्क्रीनवरची अक्षरं वाचून बटण दाबलं, मशीनवर तळहात टेकला. मशीन चालू झालं. उरलेले नग आप्पांनीच काढले. सागर शेजारी उभा राहून बघत होता. ह्या वेळी त्यानं हात बांधले नव्हते.

अकराच्या सुमारास लिऊ आला. पांढराफटक, एका हातात थर्मास, दुसरा पोटावर. आप्पा त्याच्यापुढं जाऊन नुसते हात जोडून उभे राहिले. लिऊनं नग बघितले. मोबाईलवर लिहून त्यानं मालकांना विचारलं, बिघाड कुणी ओळखला. मालकांनी आप्पांकडं बोट केलं आणि तक्रारही केली की सगळं चिनी असल्यामुळं आमच्या लोकांची अडचण होते. लिऊ गोंधळला. त्यानं स्क्रीनवर तीन बटणं दाबली.

सगळी स्क्रीन इंग्रजी झाली.

लिऊनं मोबाईलवर लिहिलं ते मीच मोठ्यानं वाचलं. इंग्रजी पहिल्यापासूनच होतं. पण इथले लोक माझ्याशी चिनीत बोलले, प्लेटांवर चिनी लिहिलेलं दिसलं, मला वाटलं तुम्हाला चिनीच पाहिजे आहे.

सागर म्हणाला, “मग झालंच की. आता सोपं झालं.”

आप्पा त्या इंग्रजी स्क्रीनकडं बघत राहिले. दहावीच्या पेपराकडं बघावं तसं. मग खिशातून चष्म्याचं घर काढून त्यांनी चष्मा आत ठेवला. “मालक, ह्यातलं मला एक अक्षर येत न्हाय. सागरचं नाव घाला. स्टोअरची किल्ली कुणाकडं हाय?”

लिऊनं माझ्याकडं बघितलं. आप्पा काय म्हणाले ते मी मोबाईलवर लिहून त्याच्यापुढं धरलं, शब्दन् शब्द. त्यानं वाचलं. पोटावरचा हात काढला, पुन्हा तीच तीन बटणं दाबली, आणि स्क्रीन चिनी झाली. मग कागद काढून त्यानं नावाच्या जागी ‘पा शिफू’ अशी तीन चिनी अक्षरं लिहिली आणि सही केली.

“आणि सागर?” मालकांनी विचारलं.

लिऊनं उत्तर लिहून दाखवलं. तो तरुण आहे. पा शिफूकडून चिनी शिकेल.

मालकांनी कागद हातात घेतला. त्यांना हसावं की रागवावं कळेना, शेवटी हसू आलं. त्या अक्षरांखाली आप्पांचं नाव इंग्रजीत मी लिहिलं. त्या दिवशी माझ्या बी.कॉम.चा उपयोग झाला तो एवढाच.

त्यानंतर तीन वर्षं आप्पांनी ते मशीन चालवलं. सगळ्या उद्यमबागेत चिनी अक्षरांवर चालणारं ते एकच असावं. शेजारपाजारचे लोक मुद्दाम बघायला येत. सागर रोज दुपारी खडू घेऊन प्लेटवर अक्षरं गिरवायचा, आणि आप्पा त्याची एकेक रेघ पुसायला लावायचे. मी पुढं निपाणीला एका कॉलेजच्या ऑफिसात लागले, माझ्या गावापासून जवळ.

आप्पा रिटायर झाले त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून बेळगावला गेले. मालकांनी त्यांना शाल आणि नारळ दिला, दोन शब्द बोलले. आप्पांना बोलायला सांगितलं तर म्हणाले, “चहा गार व्हायलाय.” कार्यक्रम संपल्यावर सगळे पांगले. आप्पा खांद्यावर शाल तशीच ठेवून मशीनपाशी गेले. सागर काम करत होता. आप्पांनी त्याला थोडं बाजूला सरकायला लावलं आणि तीन बटणं दाबली. स्क्रीन इंग्रजी झाली.

“घे बाबा. आता तुझं तू चालीव. माझ्यापायी लई तरास काढलास.”

सागरनं स्क्रीनकडं बघितलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. एक बटण दाबायला हात नेला आणि मागं घेतला.

“आप्पा, ह्यातलं तेल कुठलं?”

“मला काय इचारतोस? शिकलेला तू हाईस.”

“न्हाय, येतंय, पण शोधावं लागतंय. आधी कसं नजरंला पडायचं,” सागर म्हणाला. “चिनीच राहू दे की.”

आप्पांनी त्याच्याकडं रोखून बघितलं. मग काखेतला नारळ त्याच्या हातात दिला, दोन्ही हात मोकळे करून परत तीन बटणं दाबली, नारळ परत घेतला आणि शाल सावरत गेटकडं चालू लागले. उचगावची बस सुटायला पाच मिनिटं होती.